बघणाऱ्यांची गोष्ट

चिडवणुकीवरची पुस्तकं मी शोधायला लागले ती वर्गातल्या एका मुलीसाठी. शेवटी ती वाचली गेली बाकीच्या वर्गासाठी. मधल्या काळात काय वाचलं, काय बाजूला ठेवलं आणि का, हे इतर शिक्षकांना आणि पालकांना उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फोंडा तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. आमची मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि टीव्हीवर हिंदी बघतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्यात गदग, विजयपूर, बेळगावकडून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुलंही आली आहेत. कोणाचे वडील चिरेखाणीवर असतात, कोणाची आई बांधकामावर. पट टिकून आहे तो बराचसा याच मुलांमुळे, हे आम्हा शिक्षकांना पक्कं ठाऊक आहे.

ती मुलगी गदगकडची. गणितात बरी, वाचताना अडखळणारी, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. मधल्या सुट्टीत आमच्याकडे पावभाजी येते. गोव्यात शाळांचा आहार स्वयंसाहाय्य गटांच्या बायका करून आणतात आणि पावभाजी हा त्यातला ठरलेला पदार्थ. मुलं रांग लावतात. त्या रांगेत तिच्या मागे कोणी उभं राहत नसे. ती, मग दोन हात मोकळी जागा, मग पुढची मुलं. कोणी ढकलायचं नाही, शिवी द्यायचं नाही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मुलं किती शिस्तीत उभी आहेत! ‘घाटी’, म्हणजे घाटापलीकडून आलेले, हा हिणवणारा शब्द मी जवळपास नसताना चाले. एकदा तिनंच येऊन सांगितलं, आणि सांगितलं ते कोकणीत, कारण तक्रार कशी करायची हेही ती वर्गातल्या मुलांकडूनच शिकली होती: “टीचर, तीं म्हाका घाटी म्हणटात.”

दुसरा एक मुलगा, गावातलाच. तो फुटबॉल खेळायचा नाही. ज्या राज्यानं २०१२ साली फुटबॉल हा आपला राज्यखेळ ठरवला, तिथं मुलग्यानं फुटबॉलकडे पाठ फिरवणं सोपं नसतं. तो मैदानाच्या कडेला फणसाखाली बसून मुंगळ्यांची रांग बघत राही. त्याला मुलं ‘चली’ म्हणत, म्हणजे मुलगी.

मुलं भांडतात, आणि बऱ्याचदा मोठ्यांनी मध्ये पडू नये हेच बरं. पण हे भांडण नव्हतं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा मला वर्गात फार उपयोगी पडतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि ज्याला तो होतो त्याच्याकडे परतफेडीची ताकद नसते. रांगेतल्या त्या दोन हात जागेला तिन्ही लागू होत्या. मी रागावले की ती जागा भरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळी व्हायची.

म्हणून पुस्तकं. शाळेच्या कपाटात होती ती बहुतेक संस्कारकथा, थोरांची चरित्रं आणि पंचतंत्राच्या निरनिराळ्या आवृत्त्या. मग मी पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात शनिवारी जायला लागले. पोर्तुगीज अमदानीत, १८३२ साली स्थापन झालेलं हे ग्रंथालय देशातल्या जुन्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. मुलांच्या विभागात बसून मी गठ्ठेच्या गठ्ठे चाळले.

चिडवणाऱ्या मुलांच्या गोष्टी कमी नाहीत, पण त्यांतल्या पुष्कळ एकाच वळणानं जातात. पाय अधू असलेल्या मुलाला सगळे हसतात. मग सहलीला गेल्यावर चिडवणारा पाण्यात पडतो, हा मुलगा त्याला वाचवतो, आणि शेवटच्या पानावर टाळ्या. सावळ्या मुलीला चित्रकलेत पहिलं बक्षीस मिळतं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला मैत्रिणी मिळतात. अशा गोष्टी वाचून मी लहानपणी रडले आहे. पण माझ्या वर्गातल्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून वाचायला बसले तेव्हा त्यांचा अर्थ फार कडू लागला. तुला रांगेत जागा हवी असेल तर आधी कोणाचा तरी जीव वाचव, नाहीतर बक्षीस आण. यातलं काहीच जमत नसेल, नुसतीच साधी मुलगी असशील, तर थांब.

दुसरा गठ्ठा ‘स्वतःवर प्रेम कर’ सांगणाऱ्या पुस्तकांचा, बहुतेक इंग्रजी, गुळगुळीत कागदाची. तू जशी आहेस तशी छान आहेस, हे वाक्य त्यात वेगवेगळ्या प्रकारे येतं. वाक्य खोटं नाही. काही मुलांना त्याचा आधारही वाटत असेल. पण जिला रोज वाळीत टाकलं जातं तिच्याच हातात हे पुस्तक द्यायचं, म्हणजे झालेल्या गोष्टीची दुरुस्तीही तिनंच करायची असं होतं. आणि वर्गासमोर द्यायचं म्हणजे तर कपाळावर चिठ्ठीच डकवणं. तिला असलं कुठलंच पुस्तक द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. वाचायचं ते सगळ्यांना.

शेवटच्या तासाचा मागचा भाग त्यासाठी ठेवला. बाक सरकवून मुलं खाली बसायची, मी खुर्चीवर. प्रश्न नाहीत, वहीत लिहिणं नाही. पहिली गोष्ट संपल्याबरोबर हात वर झाले: “टीचर, तात्पर्य?” गोष्टीच्या खाली तात्पर्य असतंच, अशी आम्ही त्यांना सवय लावून ठेवलेली. मी सांगितलं, तात्पर्य नाही, गोष्ट संपली. त्यांना ते बराच काळ चमत्कारिक वाटत राहिलं. मग तात्पर्याच्या जागी ती एकमेकांशी बोलायला लागली, आणि मला हवं होतं ते हेच.

सुरुवात ओळखीच्या गोष्टीनं केली. अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट १८४३ सालची. मराठी घरांत ती गदिमांच्या गाण्यातून पोचलेली आहे. मी गाणं बाजूला ठेवून मूळ गोष्ट सांगितली, कारण गाण्यात न मावणारं बरंच तिच्यात आहे: लांबलचक हिवाळा, गोठलेलं तळं, बर्फ फोडून पिल्लाला घरी नेणारा शेतकरी, आणि एका म्हातारीच्या घरातली कोंबडी आणि बोका. कोंबडी पिल्लाला विचारते, तुला अंडी घालता येतात का? नाही? मग गप्प बस. बोका विचारतो, पाठीची कमान करता येते का? नाही? मग तुझं मत कोणी विचारलेलं नाही. वर्ग खदखदून हसला, आणि पुढे कितीतरी दिवस “अंडी घालता येतात का?” हे वाक्य मैदानावर ऐकू येत होतं. जो फार टेंभा मिरवेल त्याला मुलं ते ऐकवायची.

शेवटी पिल्लू राजहंस निघतं. सगळे खूश. तेव्हा फणसाखाली बसणारा तो मुलगा म्हणाला, “टीचर, तें खरेंच बदक आशिल्लें जाल्यार?” ते खरंच बदक असतं तर? मोठं झाल्यावरही कुरूपच राहिलेलं बदक?

ग्रंथालयात त्या गठ्ठ्यांसमोर बसून मला जे जाणवलं होतं, ते त्यानं एका वाक्यात विचारलं. मी उत्तर दिलं नाही. एक म्हणाला, मग ते रानबदकांकडेच राहिलं असतं. दुसरा म्हणाला, दुसरं तळं शोधलं असतं. पुढच्या रांगेतली एक मुलगी, जी एरवी नाव घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “मग बाकीच्या बदकांनी चावायचं थांबायला हवं होतं.” पुढे काय वाचायचं ते तिच्या या उत्तरानं ठरलं. पिल्लानं काय करावं हे सांगणाऱ्या गोष्टी मला पुष्कळ सापडल्या होत्या. तळ्यातल्या बाकीच्यांबद्दल बोलणाऱ्या शोधायच्या होत्या.

मधे मात्र फर्डिनंड आला, कारण त्या मुलाच्या प्रश्नाला त्याच्याइतकं सरळ उत्तर दुसरीकडे नाही. मन्रो लीफ यांची ही गोष्ट १९३६ सालची, रॉबर्ट लॉसन यांची काळ्या रेघांची चित्रं. स्पेनमध्ये यादवी पेटली त्याच वर्षी एक न झुंजणारा बैल पुस्तकात आला, आणि फ्रँकोच्या राजवटीत या पुस्तकावर तिथं बंदी होती. मी चित्रं दाखवत मराठीत सांगत गेले. गोव्यातल्या मुलांना बैलांची झुंज समजावून सांगावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं धिरयोवर १९९६ साली बंदी घातली, म्हणजे ही मुलं जन्मायच्या कितीतरी आधी. तरी लपूनछपून धिरयो होतात, आणि झाल्या नाहीत तरी आजोबांच्या बोलण्यात होत राहतात. पाठ फिरवून पळाला तो बैल हरला, हा नियम माझ्या वर्गात पाढ्यांपेक्षा जास्त जणांना पाठ आहे.

फर्डिनंड पाठ फिरवत नाही आणि झुंजतही नाही. बुचाच्या झाडाखाली बसून फुलांचा वास घेत राहणं त्याला आवडतं. त्याच्या आईला काळजी वाटते, ती एकदा विचारते, आणि तो आपल्यातच सुखी आहे हे पाहून त्याला तसाच राहू देते. मधमाशी चावते म्हणून तो उधळतो, बघणाऱ्यांना वाटतं काय भयंकर बैल, त्याला माद्रिदला नेतात. तिथं रिंगणाच्या मध्यावर जाऊन तो खाली बसतो, कारण बायकांच्या केसांतली फुलं त्याला दिसतात. शेवटी त्याला घरी परत पाठवावं लागतं.

ज्याच्या घरी धिरयोचं वेड आहे असा एक मुलगा तडक म्हणाला, “तसल्या बैलाक कोण पोसतलो?” प्रश्न खरा होता. न झुंजणाऱ्या बैलाला कोण पोसणार, न खेळणाऱ्या मुलाला संघात कोण घेणार. यावर वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. शेत नांगरायला उपयोगी पडेल, एक बाजू. त्याला कामाला लावायचंच कशाला, दुसरी. कोणीतरी म्हणालं, त्याची आई पोसेल. फणसाखालचा मुलगा या सगळ्यात काहीच बोलला नाही, नुसता चित्राचं पान मागून घेऊन बघत बसला. ‘चली’ म्हणणं काही लगेच थांबलं नाही. पण थोड्या दिवसांनी काही जण त्याला ‘फर्डिनंड’ म्हणू लागले. ही नवी चिडवणूक तर नाही ना, म्हणून मी लक्ष ठेवून होते. मग त्यानं स्वतःच वहीच्या पहिल्या पानावर आपल्या नावाखाली बैल काढला, शिंगांत फूल अडकलेला. तेव्हा मी काळजी सोडली.

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ जपानीत १९८१ साली आलं, मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढलाय. टोकियोतल्या तोमोए या छोट्या शाळेच्या आठवणी, जी पुढे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. मुलांना मी त्यातला खेळांच्या दिवसाचा भाग वाचून दाखवला. ताकाहाशी नावाच्या मुलाची उंची वाढत नाही, हातपाय आखूड आहेत. मुख्याध्यापक कोबायाशी स्पर्धाच अशा आखतात की त्याचं आखूड असणं कामी यावं, आणि तो सगळ्या जिंकतो. बक्षिसं म्हणून भाज्या मिळतात! त्या भाज्यांवरून वर्गात जो गोंधळ झाला तो आवरायला वेळ लागला. मला स्वतःला यात आवडतं ते असं की इथं मुलाला बदलायला सांगितलेलं नाही, खेळ बदलले आहेत, आणि ते मोठ्या माणसानं विचार करून बदलले आहेत.

पण याच पुस्तकातला दुसरा एक प्रसंग मी मुलांना वाचलाच नाही. तो शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी वाचला. बाई वर्गात माणसाच्या शेपटीबद्दल काहीतरी शिकवत असतात आणि गमतीनं ताकाहाशीला विचारतात, तुला आहे का रे शेपूट? त्या दिवशी कोबायाशी त्या बाईंना बाजूला नेऊन बोलतात. इतर मुलांसमोर नाही, आरडाओरडा नाही, पण मनापासून दुखावलेल्या आवाजात. आपण वेगळे नाही असं त्या मुलाला वाटावं म्हणून आपली एवढी धडपड चालली आहे, आणि तुम्ही असं कसं बोललात? तोत्तोचानला, म्हणजे लहानपणीच्या लेखिकेला, हे स्वयंपाकघरातून ऐकू येतं.

वाचून झाल्यावर खोलीत कोणी काही बोललं नाही. मग एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, आपण हजेरीच्या वेळी मारतो ते विनोद मुलं दिवसभर पुरवून वापरतात. शिक्षणहक्क कायद्याचं, २००९ च्या कायद्याचं, सतरावं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं हे आम्हा सगळ्यांना प्रशिक्षणात सांगितलेलं असतं. छडी गेली तेव्हा त्या कलमाचं काम झालं असं बरेच जण धरून चालतात. टोपणनावांनी हजेरी घेणं आमच्या शाळेत त्या सुमाराला बंद झालं. कोणी ठराव केला नाही, आपोआप सुटलं. चिडवणुकीवरचं पुस्तक आधी मोठ्यांनी एकमेकांना वाचून दाखवावं असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

आता ज्या गोष्टीनं सगळ्यांत जास्त काम केलं ती. माझ्या भाच्याचं दहावीचं इंग्रजीचं जुनं पुस्तक, एनसीईआरटीचं, घरात पडलं होतं. त्यात एलिनॉर एस्टीस या अमेरिकन लेखिकेची ‘द हंड्रेड ड्रेसेस’ दोन पाठांत दिलेली होती. मूळ पुस्तक १९४४ सालचं. पाठ्यपुस्तकात होती म्हणजे गोव्यातल्या कितीतरी मुलांनी ती वाचली असणार, पण दहावीला वाचली म्हणजे प्रश्नोत्तरांसाठी वाचली. मी मूळ पुस्तक मिळवलं आणि दर दिवशी थोडं थोडं करून मराठीत सांगितलं.

वांडा पेट्रॉन्स्की पोलंडहून आलेल्या कुटुंबातली. नाव उच्चारायला अवघड, घर गावाबाहेर, अंगावर रोज तोच विटका निळा झगा. एकदा ती म्हणते, माझ्या कपाटात शंभर झगे आहेत. मग पेगी तिला रोज वाटेत गाठून विचारते, किती झगे? कुठल्या रंगाचे? पेगी दुष्ट नाही, ती प्राण्यांवरही माया करते. तिच्या शेजारी मॅडी उभी असते. मॅडी स्वतः गरीब, पेगीचेच जुने कपडे घालणारी. तिला हे आवडत नाही, पण उद्या आपलाच नंबर लागेल या भीतीनं ती बोलत नाही.

इथपर्यंत आले आणि वर्ग कधी नव्हे इतका शांत झाला. एरवी “मागीर? मागीर?”, म्हणजे मग? मग?, चालू असतं. मी कोणाकडे पाहिलं नाही. विशेषतः त्या मुलीकडे नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी वाचताना वाचणाऱ्याची नजर नकळत तिकडे जाते आणि सगळ्या वर्गाला कळतं की हे कोणासाठी चाललंय. नजर पुस्तकात किंवा खिडकीबाहेर ठेवावी.

पुढे वांडाची शंभर झग्यांची चित्रं वर्गात लागतात आणि तिला बक्षीस मिळतं, पण तोवर ती शाळा सोडून गेलेली असते. वडिलांचं पत्र येतं, मोडक्या इंग्रजीत: आम्ही मोठ्या शहरात जातोय, तिथं आमच्या नावाला कोणी हसणार नाही. म्हणजे इथंही मुलीच्या हातात कला आहे, पण त्या कलेनं तिला वाचवलेलं नाही. पेगी आणि मॅडी तिच्या घरी जातात तर घर रिकामं. क्षमा मागायला समोर कोणी नाही. नंतर वांडाचं पत्र येतं, दोन चित्रं त्या दोघींना ठेवा म्हणून, आणि घरी गेल्यावर दिसतं की त्या चित्रांतले चेहरे त्यांचेच आहेत. मॅडीला मात्र नुसतं बरं वाटून चालत नाही. यापुढे असं काही दिसलं तर आपण गप्प उभं राहायचं नाही, असं तिनं त्या रिकाम्या घरावरून परतल्यावरच मनाशी ठरवलेलं असतं. 

मुलांना हा शेवट आवडला नाही. वांडा परत यायला हवी होती, हा सगळ्यांचा आग्रह. मी गोष्ट बदलली नाही. मग त्यांचं आपापसांत सुरू झालं: मॅडीनं कधी बोलायला हवं होतं? पहिल्याच दिवशी, एक म्हणाला. पहिल्या दिवशी तिला कळलंच नव्हतं, दुसरी म्हणाली. पेगीला एकटीला गाठून सांगायचं, सगळ्यांसमोर नाही, नाहीतर पेगी चिडेल. काही न बोलता वांडाजवळ जाऊन नुसतं उभं राहायचं. ही शेवटची सूचना पुढच्या रांगेतल्या त्याच अबोल मुलीची. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या संशोधनातही बघ्यांच्या भूमिकांवर भर आहे. चिडवणाऱ्याला बळ मिळतं ते हसणाऱ्या आणि गप्प राहणाऱ्या मुलांकडून, आणि त्यांच्यातले थोडे जरी हलले तरी फरक पडतो. माझ्या वर्गानं ते गोष्टीतून स्वतःच शोधलं.

आणि केलंही. त्या आठवड्यात ती अबोल मुलगी रांगेत त्या दोन हात जागेत जाऊन उभी राहिली. तिलाही ‘घाटी’ म्हणून झालं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. तिच्या मागे एक मुलगा आला, त्याला विचारलं तर म्हणाला, “भूक लागल्या.” भुकेनं का होईना, जागा भरली. मी वर्गात त्याचं कौतुक वगैरे केलं नाही. कौतुक केलं असतं तर ते उभं राहणं टीचरला खूश करायचं काम झालं असतं.

गदगकडच्या त्या मुलीचं काय? तिनं या सगळ्या गोष्टी ऐकल्या, आणि एकदा वर्ग सुटताना मला म्हणाली, “टीचर, भुताचं वाचा ना.” सारखं रडणाऱ्या मुलींचं नको. तिचं म्हणणं मला अगदी पटलं. जिच्या वाट्याला हे येतं तिनं ते पुस्तकातही भोगत बसावं अशी सक्ती का? तिला मी राजीव तांबे यांचं ‘प्रेमळ भूत’ दिलं. वाचनात अडखळणारी ती मुलगी ते पुस्तक परत द्यायलाच तयार नव्हती. एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं की तिला कानडी गोष्ट वर्गासमोर वाचायला लावू, मुलं चकित होतील. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठीत आणि कानडीत फुकट मिळते, त्यामुळे करणं सोपं होतं. मी नको म्हटलं. तिला राजहंस करून दाखवायचं मला नव्हतं. कानडी प्रती छापून मी घरी नेण्याच्या पुस्तकांत ठेवल्या, ज्याला हव्या त्यानं न्याव्यात. तिच्या भावानं नेल्या.

पालकसभेत हा विषय काढला तेव्हा एक वडील म्हणाले, “घाटी म्हणजे गाळ न्हय.” शिवी नाही, आम्ही म्हणतोच तसं. मी वाद घातला नाही, वांडाच्या वडिलांच्या पत्राचा भाग मराठीत वाचून दाखवला. सभेतल्या किती घरांतली माणसं मुंबईला, आखातात, लंडनला राबायला गेलेली आहेत हे गोव्यात सांगायला नको. एक आई म्हणाली, कुवेतला माझ्या भावाला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते तो फोनवर सांगत नाही, पण मला कळतं. यावर कोणी काही बोललं नाही. सगळ्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. शाळेबाहेर, दुकानात, बसमध्ये तो शब्द मुलांच्या कानावर पडतोच, आणि वर्गात कमी झालेलं बाहेरून पुन्हा आत येतं. हे काम दरवर्षी नव्यानं करावं लागणार आहे.

कोणाला करायचं असेल तर एवढं सांगते. गोष्ट एका बैठकीत संपवू नका, मुलांना रात्रभर ती डोक्यात घेऊन जाऊ द्या. चिडवणाऱ्या मुलाचं नाव आणि वर्गातल्या कोणाचं नाव सारखं असेल तर बदला. आणि त्रास पुस्तकानं हाताळण्यापलीकडचा असेल, मारहाण किंवा त्याहून वाईट, तर वाचन बाजूला ठेवून सरळ घरच्यांशी आणि मुख्याध्यापकांशी बोला. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मी आमच्या पुस्तकपेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलाय. मुलांना तो स्वतः फिरवता येतो, हे त्यांना सांगून ठेवलेलं बरं.

यंदा दुसरीच्या बाईंनीही वाचायला घेतलंय. त्या वयाला माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं फार छान लागू पडतात, कारण त्यांतलं मूल मुलासारखंच बोलतं. आता मला हवी आहेत ती चिडवणाऱ्या मुलाच्या बाजूनं सांगितलेली, त्याला राक्षस न करणारी आणि शेवटच्या पानावर घाईनं सॉरी म्हणायला न लावणारी मराठी पुस्तकं, आठ ते दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवण्याजोगी. अशी फारच थोडी हाती लागली आहेत. कोणाच्या वाचनात असतील तर नाव आणि प्रकाशक जरूर कळवा. पेटीत अजून जागा आहे.